प्रांत पहिल्या पोर्टात

कारा-बुलुंगच्या रुग्णालयात एक्स-रेची खोली आणि चादरींची खोली यांच्या मधल्या भिंतीवर एक राखाडी लोखंडी पेटी होती. तिच्यात नेटवर्कचा स्विच होता. स्विच म्हणजे दिव्याचं बटण एवढंच गावाला ठाऊक. त्यामुळे एवढी मोठी पेटी लावूनही कॉरिडॉरमधला दिवा लागत कसा नाही, असं लोक तुर्दाकुन-अकेंना अधूनमधून विचारत. अके दर वेळी "सामान मागवलंय" म्हणून सांगत. सामान खरंच मागवलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी.

तुर्दाकुन-अके एकोणसाठ वर्षांचे; 'अके' म्हणजे थोरला भाऊ, सगळं गावच त्यांना तसं म्हणे. उमेदीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. एक्स्चेंज बंद पडलं तेव्हा तिथल्या तीन गोष्टी रुग्णालयाला मिळाल्या: एक कपाट, एक शिडी आणि तुर्दाकुन-अके. तेव्हापासून तारेने चालणारं जे काही बिघडेल ते त्यांचं.

त्या शरद ऋतूत प्रांताकडून पत्र आलं. एक्स-रे वाचणारा डॉक्टर ज्या गावात नाही, तिथे मशीन ठेवून काय उपयोग, असा त्याचा सूर होता. कारा-बुलुंगचा एक्स-रेचा डॉक्टर "आठवड्यात येतो" म्हणून राजधानीला गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. थोडक्यात, मशीनने एक तर फोटो सारी-बेल खिंडीपलीकडे पाठवायला शिकावं, नाही तर स्वतःच खिंडीपलीकडे जावं. गुरुवारी समिती येणार होती. तिच्यासमोर एका खऱ्या माणसाचा खरा फोटो पलीकडच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचला, तर मशीन राहणार. नाही पोहोचला, तर पुढच्या आठवड्यात ट्रक.

हे अकेंनी वाचलं. त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला. त्या खिशात एक पितळी बटण होतं. मागच्या जानेवारीत खिंड बर्फाने बंद असताना त्यांची नात नुरपेरी हिने आजोबांच्या एक्स्चेंजच्या जुन्या कोटाचं बटण गिळलं होतं. सून रडत होती, मुलगा खिंडीवर फावडं घेऊन जायला निघाला होता. मशीनने दहा मिनिटांत दाखवलं, की बटण पोटात पोहोचलंय, निवांत आहे, आणि कुणी काही न केल्यास आपल्या वाटेने बाहेर येईल. तिसऱ्या दिवशी ते आलं. अकेंनी ते सात पाण्यांनी धुतलं, पण कोटाला परत लावलं नाही. ते खिशातच राहिलं.

तीन आठवडे अके त्या पेटीपुढे स्टुलावर बसून होते. मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपपासून स्विचपर्यंत एक निळी तार, आणि गुडघ्यावर रशियन भाषेतलं माहितीपत्रक. ते बहुधा ज्याला सगळं आधीच माहीत आहे अशाच माणसासाठी लिहिलं होतं. शेवटी अकेंनी ते बाजूला ठेवलं आणि आपल्या परीने समजून घेतलं.

स्विच म्हणजे युर्ट, लोकरीचा गोल तंबू, असं त्यांनी ठरवलं. तार खोचायची चोवीस भोकं, म्हणजे पोर्ट, या चोवीस बसायच्या जागा. पोर्ट स्विचिंगच्या पद्धतीवर ठेवलं, की तिथला माणूस घरचा. एकाने हाक मारली की दुसऱ्याला ऐकू जाते. पत्ता-बित्ता विचारत नाही कुणी. पण घरातल्या घरात कितीही ओरडलं तरी खिंडीपलीकडे ऐकू जाणार नाही. त्यासाठी एका पोर्टाचं घरपण काढून घ्यायचं, त्याला राउटिंगवर टाकायचं, आणि त्याला स्वतःचा पत्ता द्यायचा. ते मग जागा राहत नाही. दार होतं. बाहेर जाणारा प्रत्येक जण तिथून जातो.

दार कुठं असावं यावर अकेंनी फार विचार केला नाही. दार असतं तिथंच: सगळ्यात शेवटी. चोविसावं पोर्ट त्यांनी राउटिंगवर टाकलं आणि खिंडीपलीकडून आलेली तार त्यात खोचली. बाकीची तेवीस घरची ठेवली. पहिल्यात एक्स-रे, मग प्रयोगशाळा, प्रसूती विभाग, अशी रांग लावत तेविसाव्यात धुलाई. प्रत्येक तारेला कागदी चिठ्ठी बांधली. चोविसाव्या तारेच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहिलं: 'प्रांत'.

बुधवारी दुपारी एक्स-रेवाल्या बुरुलने जुना फोटो पाठवून पाहिला. चाळीस सेकंदांत पलीकडून "मिळाला" असा निरोप आला. केलेलं सगळं अकेंनी स्विचला कायमचं लिहून ठेवायला लावलं, कारण न लिहिलेलं तो वीज गेली की विसरतो. हे ज्ञान त्यांना पहिल्या आठवड्यात, सहा दिवसांचं काम गेल्यावर झालं होतं. मग ते घरी गेले.

गुरुवारी सकाळी ते आले तेव्हा कॉरिडॉर ओळखू येईना. फरशी चमकत होती. खिडक्यांना इस्त्रीचे पडदे होते. पेटीवर नक्षीकाम केलेला लोकरीचा एक छोटा नमदा अंथरला होता आणि पेटीच्या आत, ज्या तारा कालपर्यंत वाळत घातलेल्या शेवयांसारख्या लोंबत होत्या, त्यांची उंटाच्या केसांच्या दोरीने घट्ट वेणी घातलेली होती.

हे काम कुणाचं ते विचारायची गरज नव्हती. मुख्य परिचारिका सोनुनबुबु वीस वर्षं त्या रुग्णालयात होती आणि तिच्या हद्दीत धूळसुद्धा परवानगी घेऊन बसे.

"सोनुन," अके म्हणाले, "ही पेटी आहे. नवरी नाही."

"पाहुणे यायचेत, तुर्दाकुन-अके. तुमच्या त्या तारा बघून ते म्हणतील, यांच्याकडे आतडी बाहेर आलेला पेशंट भिंतीला टांगून ठेवतात."

"हात लावायच्या आधी विचारायचं तरी."

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. मग मला तुमचा शब्द मोडावा लागला असता. तुमचा मान राहावा म्हणून विचारलं नाही."

अकेंनी पेटीत डोकावलं. सगळे दिवे हिरवे.

दहा वाजता समिती आली. तीन माणसं. अध्यक्ष रिस्कुल अकमातोविच, पासष्टीचे, रुंद, टोपी हातात घेऊन चालणारे. बाकीच्या दोघांकडे फायली होत्या. ते बोलत नसत, लिहीत.

पेशंट तयार होताच. मंबेतकुल-अता, वय एकाहत्तर. रविवारी उलाकच्या खेळात बोकड हिसकावताना घोड्यावरून पडले होते. चार दिवस "जरा चमक भरलीय" म्हणून घरी बसले आणि फोटोसाठी माणूस हवा आहे हे कळल्यावर स्वतःहून आले.

"बाळ, तू सांग," ते अकेंना म्हणाले, "फोटोत बोकड दिसेल का?"

"बोकड कशाला दिसेल, अता?"

"मी सोडला नव्हता. ते म्हणतात सोडला. पुरावा पाहिजे."

बुरुलने फोटो काढला. पडद्यावर अतांच्या बरगड्या आल्या, आणि तिने 'पाठवा' दाबलं.

चाळीस सेकंद गेले. मग आणखी चाळीस. मग पडद्यावर एक लाल ओळ आली: पाठवता आलं नाही.

बुरुलने पुन्हा दाबलं. पुन्हा लाल ओळ. फायलीवाल्यांपैकी एकाने काहीतरी लिहिलं. ते दोन शब्दांपेक्षा जास्त नव्हतं, म्हणून अकेंना त्याची जास्त धास्ती वाटली.

ते स्टुलावर जाऊन बसले. निळी तार जोडली. चोविसाव्या पोर्टाची माहिती मागवली: राउटिंगवर, पत्ता बरोबर, तार लागलेली, दिवा हिरवा. पहिल्याची मागवली: घरचं, तार लागलेली, दिवा हिरवा. काल जसं लिहिलं होतं तसं अक्षरन् अक्षर जागेवर. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते काही कळेना. माहितीपत्रकात 'अडचणी' नावाचं एक प्रकरण होतं. त्यात पहिला सल्ला होता: जाणकार माणसाला बोलवा. अकेंनी मागे वळून पाहिलं. मागे मंबेतकुल-अता बसले होते.

"नाही जात?" अतांनी विचारलं.

"नाही."

"मग मला पुन्हा घोड्यावरून पाडा आणि ताजा फोटो काढा. हा शिळा झाला असेल."

रिस्कुल अकमातोविच वाईट माणूस नव्हते. ते हळू आवाजात म्हणाले, "तुर्दाकुन, आम्हाला तीनला निघावं लागेल. अंधार पडायच्या आत खिंड ओलांडायची आहे. तोवर झालं तर झालं. नाही तर जे पाहिलं ते लिहावं लागेल."

"लिहावंच लागेल," अके म्हणाले. खिशातलं बटण त्यांच्या मुठीत होतं.

त्यांना तिथून उठायचं नव्हतं. पण एक वाजता सोनुनबुबु कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "जेवायला चला."

"मला भूक नाही."

"तुमच्या भुकेला कोण विचारतंय? पाहुणे बसलेत, आणि आमच्या बाजूचे सगळ्यात मोठे तुम्ही. तुम्ही नसाल तर मेंढीचं डोकं त्यांच्यासमोर ठेवायचं कुणी? मी?"

तेही खरंच होतं. अके उठले.

सभागृहात जमिनीवर दस्तरखान अंथरलं होतं: तळलेल्या बोरसोकचे ढीग, साईचं कायमाक, जर्दाळूचा मुरंबा, आणि मधोमध मटण-शेवयांच्या बेशबारमाकची परात. अध्यक्ष तोरवर, दारापासून सगळ्यात लांबच्या मानाच्या जागी, पाठीमागे तीन लोड घेऊन. त्यांच्या दोन्ही बाजूंना फायलीवाले, मग मुख्य डॉक्टरीणबाई, मग अके, मग वयाप्रमाणे उतरत उतरत बाकीचे. दाराशी, समोवारजवळ, सोनुनबुबु. या गावात हाडांचा मान फार. कुणाच्या ताटात मेंढीचं कोणतं हाड पडलं यावरून एकमेकांशी न बोलणारी तीन घराणी कारा-बुलुंगमध्ये होती. सोनुनबुबुने हाडं अशी वाटली होती, की एकाही फायलीवाल्याला बोट ठेवायला जागा मिळू नये.

अध्यक्षांचा फोन वाजला. आत नीट ऐकू येईना, म्हणून त्यांनी बाहेर जायचं ठरवलं. ठरवलं, पण जमेना. तोरवरून निघायचं तर सगळ्यांच्या गुडघ्यांवरून जावं लागणार. एक फायलीवाला उठला, तर त्याच्या मांडीवरची फाईल कायमाकमध्ये पडली. डॉक्टरीणबाई परात वाचवायला पुढे झुकल्या. अध्यक्ष दोनदा उठले, दोनदा लोडावर आदळले, आणि शेवटी फोनमध्ये "नंतर करतो, मला इथं फार मानाने बसवलंय" असं सांगून गप्प बसले.

तेवढ्या वेळात सोनुनबुबु चार वेळा बाहेर जाऊन आली होती. एकदा रश्श्यासाठी, एकदा मिठासाठी, एकदा कुत्रं हाकलायला आणि एकदा उगाच.

अकेंचा घास हातातच राहिला. त्यांनी तोरकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "सोनुन, सकाळी पेटीतल्या तारांना तू नुसती वेणी घातलीस, की जागासुद्धा बदलल्यास?"

"दोनच बदलल्या," ती चहा ओतता ओतता म्हणाली. "बरं झालं मी पाहिलं ते. अहो, प्रांताला तुम्ही सगळ्यात शेवटी बसवलं होतं, धुलाईच्या शेजारी. पाहुण्यांनी चिठ्ठी वाचली असती तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी प्रांताला पहिल्यात बसवलं आणि एक्स-रेला काढून दाराशी. एक्स-रे काय, घरचाच आहे. त्याने दाराशी बसून वाढायचं."

अकेंनी घास खाली ठेवला. रागवावं असं त्यांना खूप वाटलं. पण चूक सापडत नव्हती. त्यांच्या आईने हेच केलं असतं. त्यांनी स्वतःही, चिठ्ठीवर 'प्रांत' ऐवजी माणसाचं नाव असतं, तर हेच केलं असतं.

सकाळी चिठ्ठ्या वाचल्याच नव्हत्या त्यांनी. दिवे पाहिले होते फक्त.

त्यांनी मेंढीचं डोकं पटकन अध्यक्षांसमोर ठेवलं, जेवणानंतरचा दुवा म्हणून झाला तसे उठले आणि पेटीपाशी गेले. पाहिलं, तर खरंच: प्रांत पहिल्या पोर्टात, घरच्यांच्या मधोमध, लोडाला टेकून बसल्यासारखा, आणि बाहेरची वाट त्याच्याबरोबर तिथंच अडकलेली. एक्स-रे चोविसाव्यात, दारातच उभा, घरच्यांपासून तुटलेला आणि दाराला रस्ता नाही. दोन्ही हिरवे. पडलेल्या माणसानेही "मी ठीक आहे" म्हणावं तसे.

दोन तारा काढायच्या, अदलाबदल करायची. काम अर्ध्या मिनिटाचं. वेणी कापायला त्यांनी खिशातून चाकू काढला आणि पहिली तार धरली.

"वा!"

मागे रिस्कुल अकमातोविच उभे होते. कसेबसे तोरवरून सुटले होते आणि जेवण जिरवायला फिरत होते. हात पाठीमागे बांधून ते पेटीत वाकून बघत होते. "प्रांत पहिल्या जागी. बघा, याला म्हणतात रीत. बाकी ठिकाणी आम्हाला कुठल्याही भोकात खोचतात. कुणी लावलं हे?"

"मी," सोनुनबुबु त्यांच्या मागून म्हणाली. ती टॉवेलला हात पुसत आली होती, आणि तिचा चेहरा असा उजळला होता, की कॉरिडॉरच्या दिव्याची उणीव भासू नये.

अकेंनी चाकू मिटला. तार सोडली.

पाहुण्याला एकदा तोरवर बसवल्यावर "जरा दाराशी सरका" असं कारा-बुलुंगमध्ये आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि आज सुरुवात करायला दिवस वाईट होता. ते स्टुलावर बसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की पाहुण्याला उठवायची गरजच नाही. पाहुणा आहे तिथंच राहू दे. दार त्याच्यापाशी न्यायचं.

त्यांनी निळी तार जोडली. पहिल्या पोर्टावर गेले आणि एका ओळीत त्याचं स्विचिंग काढून घेतलं. पोर्ट घरचं राहिलं नाही. मग त्याला पत्ता द्यायला गेले, तर स्विचने नाकारलं: हा पत्ता चोविसाव्याकडे आहे.

"काय म्हणतोय तो?" सोनुनबुबुने विचारलं.

"म्हणतोय, मानाच्या एका जागी दोन माणसं बसत नाहीत."

"शहाणा आहे की."

अके चोविसाव्यावर गेले. त्याचा पत्ता काढला. त्याला राउटिंगवरून उतरवून परत स्विचिंगवर आणलं आणि बाकीच्या घरच्यांच्या गटात टाकलं. मग पहिल्यावर परत आले. पत्ता दिला. या वेळी स्विच काही बोलला नाही. तो खूश असला की काही बोलत नाही, एवढं अकेंना तीन आठवड्यांत कळलं होतं. चोविसाव्याचा दिवा विझला, नारिंगी झाला आणि बराच वेळ नारिंगीच राहिला. मग हिरवा.

"बुरुल," त्यांनी हाक मारली, "दाब."

पेटीपुढे आता दाटी झाली होती. फायलीवाले आले होते. मंबेतकुल-अता बरगडीवर हात धरून आले होते. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. कुणी आकडे मोजत नव्हतं, पण सगळे मोजत होते.

आतून बुरुलचा आवाज आला. "गेला."

एवढंच. मग पाच-सहा मिनिटांनी अध्यक्षांचा फोन वाजला. पलीकडच्या डॉक्टरीणबाईंचा आवाज इतका स्पष्ट होता, की अध्यक्षांनी फोन कानापासून लांब धरला. "सातवी आणि आठवी बरगडी. तडे आहेत, सरकलेल्या नाहीत. महिनाभर घोडा बंद. आणि मला सांगा, नववीवर जुना जोड दिसतोय, तो कधीचा?"

"तो माझ्या लग्नातला," मंबेतकुल-अता म्हणाले. "तेव्हाही बोकड मीच नेला होता. ते दिसतंय का तिला? विचारा."

रिस्कुल अकमातोविचनी विचारलं नाही. त्यांनी फायलीवाल्याकडून कागद घेतला, भिंतीला लावून स्वतःच्या हाताने सकाळचे दोन शब्द खोडले, आणि त्या जागी जरा लांब वाक्य लिहिलं. मशीन कारा-बुलुंगलाच ठेवावं, फोटो सुरळीत पोहोचतात, अशा अर्थाचं. खाली सही केली. मग निघता निघता अकेंना म्हणाले, "सकाळी काय बिघडलं होतं?"

अकेंनी एकदा सोनुनबुबुकडे पाहिलं.

"बसायच्या जागा ठरत नव्हत्या," ते म्हणाले.

"ते आमच्याकडेही होतं," अध्यक्ष म्हणाले आणि टोपी घालून गाडीत बसले.

गाडी वळणाआड गेल्यावर सोनुनबुबु परत आली. ती मूर्ख नव्हती. तिने पेटीतली पहिली चिठ्ठी वाचली, मग चोविसावी.

"मी केलं होतं ना ते?"

"तू पाहुण्याला बसवलंस. त्यात काय चुकलं? दार कुठं आहे ते मी कुणाला सांगितलं नव्हतं."

"सांगायला काय झालं होतं?"

"कुणी विचारलंच नाही. सगळे कॉरिडॉरच्या दिव्याचंच विचारतात."

ती हसली नाही. तिने एक खुर्ची ओढली, त्यांच्या शेजारी बसली, आणि कोटाच्या खिशातून ड्यूटीची वही काढली. "वसंतात तुम्ही निवृत्त होणार. तुमच्यामागे या पेटीला मीच आहे. दुसरं कुणी हिच्याकडे बघणारसुद्धा नाही. सांगा. घरचं कोणतं, दार कोणतं, आणि दार हलवायचं कसं. आणि सावकाश सांगा. त्या रशियन पुस्तकासारखं नको."

अकेंनी लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. आधी सगळं स्विचला लिहून ठेवायला लावलं, मग बोलायला सुरुवात केली. ती लिहून घेत होती आणि मध्येच थांबवत होती. युर्टात चोवीस माणसं बसतील कशी, हा तिचा पहिलाच प्रश्न होता, आणि त्यावर अकेंना पाव तास खर्च करावा लागला.

संध्याकाळी जाताना त्यांनी पेटीच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवला. त्यावर लिहिलं: 'दार: पहिलं पोर्ट. कुणालाही उठवू नये.'

सकाळी आले तेव्हा त्याखाली दुसऱ्या अक्षरात आणखी एक ओळ होती: 'उठवायचंच असेल तर आधी सोनुनबुबुला विचारावं.'